मलेरिया आणि शरीराच्या रक्षक पेशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा लागला की मिरजेतल्या आमच्या लॅबमध्ये थंडीतापाच्या रक्ताच्या काचा (स्लाइड) वाढतात, आणि त्यांच्याबरोबर प्रश्नही. विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाईवाले (सोनं-चांदी गाळणारे) देशभर दुकानं थाटून बसलेत. गावी येताना एखादा तिकडचा ताप घेऊन येतो. पाटण-जावळीचे मुंबईकर गणपतीला येतात, सातारकडचे जवान ईशान्येतून सुट्टीवर येतात. औषध कुठलं ते डॉक्टर सांगतात, पण "माझ्या प्रतिकारशक्तीचं नेमकं काय झालं?" याचं उत्तर गर्दीच्या ओपीडीत कुणाला निवांत देता येत नाही. फोनवर, मेसेजवर आणि नर्सिंगच्या वर्गात मला परत परत विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. गोळ्यांचा डोस ठरवायला हे पान वापरू नका.

१. मलेरियाचा जंतू तांबड्या पेशीत राहतो ना? मग पांढऱ्या पेशींचा इथे काय संबंध?

ॲनॉफिलीस डासाची मादी चावली की जंतू त्वचेतून रक्तात आणि रक्तातून यकृतात जातो. तिथे आठवडा-दोन आठवडे बिनबोभाट वाढतो आणि मग हजारोंच्या संख्येने बाहेर पडून तांबड्या पेशींत शिरतो. आपल्याकडे दिसणारे दोन्ही मुख्य प्रकार, व्हायवॅक्स आणि फाल्सिपेरम, साधारण ४८ तासांत त्या पेशी फोडून नव्या धरतात. एक दिवसाआड हुडहुडी भरते ती यामुळे. (फाल्सिपेरममध्ये हा पाळा बऱ्याचदा नीट पकडता येत नाही, ताप सलगच राहतो.)

तांबडी पेशी ही लपायला फार सोयीची जागा आहे. शरीरातल्या बहुतेक पेशी आपल्या आत कुठली प्रथिनं बनतायत त्याचे तुकडे एमएचसी नावाच्या रेणूंवर बाहेर मांडून ठेवतात. मारेकरी टी-पेशी ते तपासतात आणि परकं काही दिसलं की ती पेशी मारून टाकतात. पूर्ण वाढलेल्या तांबड्या पेशीला केंद्रक नसतं आणि ही मांडणीही जवळजवळ नसते. म्हणून जंतूला पकडायचं काम येऊन पडतं मोनोसाइट, मॅक्रोफेज, न्यूट्रोफिल या जंतू गिळणाऱ्या पेशी, पानथरीतल्या (प्लीहेतल्या) पेशी आणि प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बनवणाऱ्या बी-पेशी यांच्यावर. जंतूही नेमक्या याच पेशींच्या कामात खोडा घालतो. व्हायवॅक्सच्या बाबतीत एक छान अपवाद आहे, तो प्रश्न १६ मध्ये.

२. "मलेरियाने प्रतिकारशक्ती कमी होते" असं सगळेच म्हणतात. म्हणजे नक्की काय कमी होतं?

सगळंच कमी होत नाही. सुरुवातीला तर उलट होतं. पेशी फुटल्या की जंतूचा कचरा रक्तात येतो, मोनोसाइट खवळतात आणि टीएनएफ, आयएल-६, इंटरफेरॉन-गॅमा असे संदेश भराभर सोडतात. थंडी, ताप, अंगदुखी, उलटी हा सगळा त्या संदेशांचा परिणाम. हे असंच चालू राहिलं तर माणसाच्याच जिवावर बेतेल, म्हणून शरीर ब्रेक लावतं. आयएल-१० हा त्यातला मोठा ब्रेक. गंमत म्हणजे इंटरफेरॉन-गॅमा बनवणाऱ्याच काही टी-पेशी पुढे आयएल-१० सुद्धा बनवायला लागतात.

ब्रेक लागला की रुग्ण वाचतो आणि जंतूलाही श्वास घ्यायला जागा मिळते. मलेरियातल्या प्रतिकारशक्तीची सगळी अडचण या दोन गोष्टींच्या मधे अडकलेली आहे. आवाज भरपूर होतो, पण नेम धरून मारा करणारी आणि पुढच्या वेळेसाठी लक्षात ठेवणारी यंत्रणा नीट उभी राहत नाही.

तीव्र आजारात सीबीसीच्या रिपोर्टवर लिम्फोसाइट (यांतच टी आणि बी-पेशी येतात) घटलेल्या दिसतात. त्यातल्या पुष्कळशा रक्त सोडून पानथरीत आणि इतर अवयवांत गेलेल्या असतात. उपचार सुरू झाले की काही दिवसांत आकडा सावरतो.

३. रिपोर्टवर "मोनोसाइटमध्ये मलेरिया पिगमेंट दिसले" असं लिहिलंय. हे काय असतं? घाबरायचं का?

हे मी रोज बघते, म्हणून जरा सविस्तर सांगते. लीशमन रंग दिलेली काच तेलाच्या भिंगाखाली धरली की तांबड्या पेशी गुलाबीसर दिसतात. मधेच एखादी मोठी मोनोसाइट लागते, घड्या पडलेल्या जांभळ्या केंद्रकाची, राखाडी-निळ्या अंगाची. त्या अंगात तपकिरी-सोनेरी चुऱ्याचे ठिपके असतात. बारीक स्क्रू जरा पुढे-मागे फिरवला की ते चमकतात, आणि चमकले की धूळ किंवा रंगाचा गाळ नाही हे समजतं. हे हिमोझॉइन, म्हणजेच मलेरिया पिगमेंट.

जंतू तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन खातो. त्यातला प्रथिनाचा भाग पचतो, लोह असलेला हीम उरतो. मोकळा हीम जंतूलाच विषारी, म्हणून तो त्याचे स्फटिक करून ठेवतो. क्लोरोक्विन हे औषध या स्फटिक बनवण्यातच अडथळा आणतं आणि जंतू स्वतःच्याच विषाने मरतो. पेशी फुटली की स्फटिक बाहेर पडतात आणि मोनोसाइट-मॅक्रोफेज ते गिळतात. गिळतात खरं, पण पचवू शकत नाहीत.

पोटात हिमोझॉइन घेऊन बसलेल्या मोनोसाइटचं वागणं बदलतं, हे प्रयोगशाळेत अनेकदा दाखवलं गेलंय. ती दुसरा जंतू गिळायला कचरते, जंतू जाळायला लागणारा ऑक्सिजनचा मारा नीट करू शकत नाही, आणि टी-पेशींना नमुना दाखवण्यासाठीचे एमएचसी वर्ग-२ चे रेणू पृष्ठभागावर कमी मांडते. दुसरीकडे, स्फटिकाला चिकटून आलेला जंतूचा डीएनए पेशीतल्या टीएलआर-९ या धोक्याच्या घंटेला जागं करतो आणि दाहही वाढवतो. एकाच पेशीत दाहाचे संदेश वाढलेले आणि कामाची क्षमता घटलेली, असं चित्र दिसतं.

घाबरायचं कारण नाही. मात्र जंतू दिसला नाही आणि पिगमेंट दिसलं, तर नुकताच मलेरिया होऊन गेलाय किंवा अर्धवट औषधाने जंतू दबलाय अशी शंका धरावी लागते. तो रिपोर्ट डॉक्टरांना जरूर दाखवा. फाल्सिपेरममध्ये पिगमेंट असलेल्या न्यूट्रोफिलचं प्रमाण जास्त असेल तर आजार गंभीर वळण घेतोय का, याकडे बारकाईने लक्ष ठेवतात.

४. डेंड्रिटिक पेशी म्हणजे काय आणि त्यांच्यावर काय परिणाम होतो? (बीएस्सीच्या सेमिनारसाठी हवंय.)

परका जंतू पकडून त्याचे तुकडे लसिकाग्रंथीत नेऊन टी-पेशींना ओळख करून देणारी ही पेशी. ही ओळख झाली नाही तर नेम धरून होणारा पुढचा प्रतिसाद अडखळतो.

१९९९ मध्ये 'नेचर'मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी दाखवलं की फाल्सिपेरम असलेल्या तांबड्या पेशी डेंड्रिटिक पेशींना चिकटल्या, तर त्या पेशी नीट 'पिकत' नाहीत आणि टी-पेशींना चेतवू शकत नाहीत. पुढे केनियातल्या आजारी मुलांच्या रक्तातही या पेशींवर एचएलए-डीआर (एमएचसी वर्ग-२ चाच एक रेणू) कमी असल्याचं दिसलं. पण सेमिनारमध्ये एवढ्यावर थांबू नका. नंतरच्या प्रयोगांत असं दिसलं की जंतूंचं प्रमाण कमी ठेवलं तर हा दाब दिसत नाही, प्रमाण वाढवलं की दिसतो. "मलेरिया डेंड्रिटिक पेशी बंद पाडतो" हे वाक्य प्रमाण सांगितल्याशिवाय अर्धवट आहे, आणि परीक्षक चांगले असतील तर तिथेच विचारतील.

५. मॅडम, पेपरात वाचलं की मलेरियाने जनुकांवर परिणाम होतो. म्हणजे डीएनए बिघडतो का? मुलांना जाईल का?

नाही आणि नाही. हा प्रश्न घाबऱ्या आवाजात येतो, म्हणून आधी उत्तर दिलं.

प्रत्येक पेशीत जनुकं तीच असतात. कुठलं जनुक कधी आणि किती वापरायचं, हे बदलतं. यालाच जनुकांची अभिव्यक्ती म्हणतात. साखर कारखान्यात यंत्रं तीच, पण हंगामात गाळप जोरात असतं आणि हंगाम संपला की फक्त डिस्टिलरी चालू असते, तसं. मलेरियात पांढऱ्या पेशींच्या डीएनएची अक्षरं शाबूत राहतात. बदलतं ते त्यावरून निघणाऱ्या आरएनएच्या प्रतींचं प्रमाण, आणि डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांवर गुंडाळलेला असतो त्यांच्यावरच्या रासायनिक खुणा. या खुणा रक्तपेशींपुरत्या. बीजपेशींत, म्हणजे पुढच्या पिढीत, जात नाहीत.

रुग्णाच्या रक्तातल्या सगळ्या आरएनएची मोजदाद केली की इंटरफेरॉनशी संबंधित जनुकं वर गेलेली दिसतात. दाहाची आणि जंतू गिळण्याची जनुकंही बऱ्याचदा वर असतात. टी आणि बी-पेशींच्या कामाची जनुकं खाली आलेली दिसतात. इथे एक खाच आहे. रक्तातून लिम्फोसाइटच निघून गेल्या असतील (प्रश्न २ पाहा), तर त्यांची जनुकं 'खाली' दिसणारच. उरलेल्या प्रत्येक पेशीने काम कमी केलंय असं त्यावरून म्हणता येत नाही. म्हणून आता एकेक पेशी वेगळी काढून तिचा आरएनए वाचायची पद्धत आली आहे, आणि पूर्वीचे बरेच निष्कर्ष त्या चाळणीतून पुन्हा गाळले जात आहेत. विद्यार्थ्यांनी कुठलाही आलेख बघताना पहिला प्रश्न हाच विचारावा: पेशी बदलल्या की पेशींची गर्दी बदलली?

६. हे बदल किती दिवस टिकतात? मला मलेरिया होऊन दोन महिने झाले, अजून थकवा आहे.

प्रत्येक पेशीचं वेळापत्रक वेगळं. लिम्फोसाइटची संख्या दिवसांत सावरते. न्यूट्रोफिलच्या कामातला अडथळा आठवडे राहू शकतो (कारण प्रश्न ९ मध्ये). मोनोसाइट स्वतः रक्तात मोजकेच दिवस राहते, तरी तिच्या वागण्यातला बदल त्याहून जास्त काळ दिसतो. अस्थिमज्जेतल्या तिच्या पूर्वज पेशींवरच हिस्टोनच्या खुणा उमटत असाव्यात, असा त्याचा अर्थ लावतात. पहिल्यांदा मलेरिया झालेल्याच्या मोनोसाइट पुढच्या वेळी जास्त खवळतात, तर मालीसारख्या देशात वर्षानुवर्षं जंतू अंगावर घेतलेल्यांच्या मोनोसाइट दाहाचे संदेश कमी आणि आयएल-१० जास्त सोडतात. त्यामुळे तिथला मोठा माणूस रक्तात जंतू घेऊन शेतात काम करत असतो.

दोन महिन्यांच्या थकव्यासाठी मात्र आधी हिमोग्लोबिन तपासा. मलेरियात जंतू असलेल्या पेशी तर फुटतातच, पण नसलेल्याही पुष्कळ पेशी पानथरी काढून टाकते, आणि दाहामुळे मज्जेत नव्या पेशी बनणं मंदावतं. थकव्याचं कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

७. जंतू "वेश बदलतो" म्हणतात, ते खरं आहे का?

फाल्सिपेरमच्या बाबतीत अगदी खरं. याचा पूर्ण जनुकसंच २००२ मध्ये वाचून झाला. त्यात वार नावाची जवळपास ६० जनुकं आहेत. प्रत्येक जनुक पीएफ-ईएमपी-वन या प्रथिनाची वेगळी आवृत्ती बनवतं. एक जंतू एका वेळी त्यातलं एकच जनुक चालू ठेवतो, बाकीची हिस्टोनच्या खुणांनी कुलूपबंद. हे प्रथिन तांबड्या पेशीच्या बाहेर येतं आणि पेशीला रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटवून ठेवतं, म्हणजे ती पानथरीच्या तावडीत जात नाही. शरीराने त्या आवृत्तीविरुद्ध प्रतिपिंडं बनवेपर्यंत काही जंतूंनी दुसरं जनुक चालू केलेलं असतं.

यात रिफिन नावाचा आणखी एक गट आहे. त्यातली काही प्रथिनं आपल्या बी-पेशी आणि नैसर्गिक मारेकरी पेशींवरच्या 'थांबा' सांगणाऱ्या एलआयएलआरबी-१ या ग्राहकाला (रिसेप्टरला) जाऊन चिकटतात. हे २०१७ मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे जनुकांची उलाढाल दोन्ही बाजूंनी चालते, आपल्या पेशींत आणि जंतूतही.

८. एकदा मलेरिया झाला. गोवर-कांजण्यांसारखा आता परत होणार नाही ना?

होऊ शकतो, कितीही वेळा. वेश बदलणं (प्रश्न ७) हे एक कारण. दुसरं कारण बी-पेशींत आहे.

गोवरानंतर स्मरणपेशी आणि दीर्घायुषी प्रतिपिंड-कारखाने आयुष्यभर राहतात. मलेरियात प्रतिपिंडं बनतात, पण विशेषतः लहान मुलांत ती काही महिन्यांत ओसरतात. २००९ मध्ये माली देशातल्या लोकांच्या रक्तात वेगळ्याच स्मरण बी-पेशींची गर्दी आढळली. या 'अटिपिकल' पेशींत टी-बेट नावाचं नियंत्रक प्रथिन चढलेलं असतं, पृष्ठभागावर दाबून ठेवणारे ग्राहक जास्त असतात, आणि नेहमीच्या पद्धतीने चेतवलं तर त्या फारसा प्रतिसाद देत नाहीत. त्या पूर्ण निकामी आहेत की वेगळं काही काम करतात, यावर अजून वाद चालू आहे. डासांचा उपद्रव थांबला, जंतूशी गाठ पडणं बंद झालं, की त्यांचं प्रमाण हळूहळू उतरतं.

टी-पेशींचंही तसंच. सतत जंतू समोर राहिला की त्यांच्यावर पीडी-१ आणि एलएजी-३ ही थकव्याची चिन्हं चढतात. उंदरांमध्ये हे दोन्ही ब्रेक औषधाने काढले तेव्हा जंतू लवकर साफ झाला. यावरून "कॅन्सरमध्ये हे ब्रेक काढायला देतात ती इंजेक्शनं मलेरियाला चालतील का?" असंही एकाने विचारलं होतं. चालणार नाहीत. ब्रेक काढले की दाह कुठे जाईल सांगता येत नाही, आणि साधी गोळी जंतू मारते.

आपल्या सांगली-सातारा या दोन जिल्ह्यांसाठी यातला मुद्दा असा: इथे वाढलेल्या माणसाला मलेरियाची सवय नाही. ओडिशात दहा वर्षं दुकान चालवलेल्या गलाईवाल्याला थोडीफार सवय झाली असेल, तर ती गावी परतल्यावर काही वर्षांत उतरते. "मला तिकडचं पाणी पचलंय" म्हणून परत जाताना मच्छरदाणी मागे ठेवू नका.

९. मलेरिया पॉझिटिव्ह आणि विडाल (टायफॉइडची रक्तचाचणी) पण पॉझिटिव्ह. दोन्ही आजार एकदम झालेत का? अँटिबायोटिक घ्यायचं का?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच.

मलेरियाचा जंतू बी-पेशींना सरसकट चेतवतो. ज्या बी-पेशींचा मलेरियाशी काहीच संबंध नाही, त्यासुद्धा जाग्या होऊन आपापली जुनी प्रतिपिंडं सोडायला लागतात. कधीकाळी दूषित पाण्यातून सालमोनेलाशी (टायफॉइडच्या जंतूच्या कुळाशी) गाठ पडलेली असेल किंवा टायफॉइडची लस घेतलेली असेल, तर त्याची प्रतिपिंडं या गोंगाटात वर येतात आणि विडाल पॉझिटिव्ह दिसतो. व्हीडीआरएल ही गुप्तरोगाची चाचणीही याच कारणाने खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. नवरा-बायकोच्या संसारात त्यावरून वादळ उठू शकतं, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे. अशा वेळी पक्की चाचणी करून घ्या आणि तोवर कुणाला बोल लावू नका.

एकट्या विडालवरून टायफॉइड ठरवू नये. डॉक्टरांना शंका असेल तर अँटिबायोटिकचा पहिला डोस पोटात जाण्याआधी रक्ताचं कल्चर पाठवावं. दुपारी गोळी घेऊन संध्याकाळी कल्चरला येणारे फार असतात. जंतू उगवण्याची शक्यता त्याने घटते.

आता दुसरी बाजू. मलेरियानंतर सालमोनेलाच्या टायफॉइडखेरीज प्रकारांचा रक्तसंसर्ग खरोखर वाढतो, हे आफ्रिकेतल्या मुलांत पूर्वीपासून ठाऊक होतं. २०१२ च्या सुमारास त्याची यंत्रणा उलगडली. फुटलेल्या पेशींतला मोकळा हीम शरीराला झेपत नाही, म्हणून हीम ऑक्सिजनेज-१ या विकराचं (एन्झाइमचं) जनुक जोरात चालू होतं. त्याने पेशींचं हीमपासून रक्षण होतं, पण त्याच काळात मज्जेतून बाहेर पडणारे न्यूट्रोफिल अर्धे-कच्चे असतात आणि त्यांचा ऑक्सिजनचा मारा दुबळा पडतो. सालमोनेला त्यांच्या आत बसून जगतो. म्हणून मलेरियाची गोळी सुरू करून तीन दिवस झाले आणि ताप उतरतच नसेल, तर "विडाल खोटा असतो" असं म्हणून घरी बसू नका. परत दाखवा.

१०. प्लेटलेट चाळीस हजारांवर आल्यात. डेंग्यू पण आहे का?

मलेरियात, व्हायवॅक्समध्येसुद्धा, प्लेटलेट उतरणं नेहमीचं आहे. दाहामुळे त्या वापरल्या जातात आणि पानथरीत अडकतात. जंतू मारणारं औषध सुरू झालं की बहुतेकांच्या आपोआप चढतात. डेंग्यूची चाचणी डॉक्टर सांगतील तर करा. पपईच्या पानांच्या रसाने मलेरियाचा जंतू मरत नाही.

११. व्हायवॅक्स दर चार-पाच महिन्यांनी उलटतोय. प्रतिकारशक्ती कमी पडतेय का?

बहुधा गोळ्या कमी पडल्या आहेत. व्हायवॅक्सचे काही जंतू यकृतात झोपून राहतात आणि आठवड्यांनी, महिन्यांनी उठतात. झोपलेल्या जंतूच्या वाटेला आपल्या रक्षक पेशी सहसा जात नाहीत, आणि क्लोरोक्विनही त्याला मारत नाही. त्यासाठी प्रायमाक्विन, आपल्या राष्ट्रीय धोरणाप्रमाणे १४ दिवस. चौथ्या दिवशी बरं वाटलं की लोक पाकीट फ्रिजवर ठेवून देतात. ऊसतोडीच्या टोळीतला माणूस तर तोवर दुसऱ्या फडावर गेलेला असतो. आशाताईंनी चौदाव्या दिवसापर्यंत केलेली विचारपूस इथे कुठल्याही टॉनिकपेक्षा मोलाची आहे.

दोन खाचा. जी-६-पीडी विकराची जन्मजात कमतरता असेल तर प्रायमाक्विनने तांबड्या पेशी फुटू शकतात. लघवी चहासारखी काळपट झाली तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठा. आणि काहींच्या यकृतात सीवायपी-२डी६ हा विकर मंद असतो, त्यामुळे पूर्ण कोर्स घेऊनही औषध नीट कामी येत नाही. सगळ्या गोळ्या घेऊनही उलटत असेल तर हे डॉक्टरांच्या कानावर घाला.

१२. पहिलटकरणीला मलेरिया जास्त त्रास देतो असं आमच्या ट्रेनिंगमध्ये सांगितलं. कारण काय?

फाल्सिपेरमच्या वार जनुकांपैकी एक, वार-२-सीएसए, असं प्रथिन बनवतं जे गर्भाच्या वारेतल्या (प्लेसेंटातल्या) कॉन्ड्रॉइटिन सल्फेट-ए या रेणूला चिकटतं. गर्भाची वार पहिल्यांदाच तयार होत असते, त्यामुळे आईच्या शरीराने ही आवृत्ती आधी पाहिलेलीच नसते. जंतू तिथे साठतो, वारेत मोनोसाइट गोळा होतात, बाळाचं वजन कमी भरतं. जिथे मलेरिया सतत असतो तिथे पुढच्या बाळंतपणापर्यंत प्रतिपिंडं तयार झालेली असतात. आपल्याकडे तसं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेची बाईही तितकीच उघडी असते. गरोदरपणात प्रायमाक्विन देत नाहीत. बाकीची औषधं कितव्या महिन्यात कुठली, हे डॉक्टरच ठरवतील.

१३. बाळाला मलेरिया झाला होता. लस पुढे ढकलायची का?

रक्तात जंतू असताना दिलेल्या काही लसींना प्रतिसाद कमी मिळाल्याचं १९७० च्या दशकातल्या आफ्रिकेतल्या अभ्यासांत दिसलं होतं. डेंड्रिटिक आणि बी-पेशींचं जे वर सांगितलं (प्रश्न ४ आणि ८) त्याच्याशी ते जुळतं. पण म्हणून लस टाळायची नाही. ताप उतरेपर्यंत थांबायचं आणि मग उपकेंद्रातल्या नर्सताई सांगतील त्या दिवशी द्यायची. बुडालेल्या लसीचं नुकसान कमी प्रतिसादापेक्षा मोठं असतं.

१४. गुळवेल, काढा, इम्युनिटीच्या गोळ्या घेतल्या तर चालतील का?

मलेरियात प्रतिकारशक्ती सरसकट 'वाढवणं' हे ध्येयच चुकीचं आहे. फाल्सिपेरम मेंदूत जातो तेव्हा होणाऱ्या हानीत आपल्याच दाहाचा वाटा असतो. मग प्रतिकारशक्ती दाबली तर? तेही करून झालंय. मेंदूच्या मलेरियात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देऊन पाहिलं, थायलंडमधला तो अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्ण वाचण्याचं प्रमाण वाढलं नाहीच, उलट शुद्धीवर यायला जास्त वेळ लागला. पेशींना गदागदा हलवण्यापेक्षा जंतू लवकर मारणं हाच त्यांना जागेवर आणायचा रस्ता.

गुळवेलीबद्दल एक सांगायलाच हवं. कोविडच्या काळात ती घेतलेल्या काही जणांना यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं. मलेरियात यकृत आधीच ताणाखाली असतं. डॉक्टरांना न सांगता ती घेऊ नका.

१५. मलेरियाची लस पुण्यात बनते म्हणे. आपल्याला का देत नाहीत?

आर-२१ ही लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते, हे खरं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आरटीएस-एस आणि २०२३ मध्ये आर-२१ या लसींची शिफारस केली, ती मलेरियाचा भार असलेल्या भागातल्या लहान मुलांसाठी. दोन्ही लसी फाल्सिपेरमविरुद्ध आहेत. डासातून आलेला जंतू यकृतात शिरायच्या आधीच अडवायचा, हा त्यांचा डाव. तो टप्पा हुकला आणि जंतू तांबड्या पेशीत गेला, की वर सांगितलेली सगळी फसवाफसवी सुरू होते. व्हायवॅक्सवर त्यांचा उपयोग नाही. सांगली-साताऱ्यात आज मच्छरदाणी, आठवड्याचा कोरडा दिवस, गप्पी मासे आणि वेळेवर दिलेला रक्तनमुना यांच्यावरच भिस्त ठेवायची.

१६. "तांबड्या पेशीवर एमएचसी नसतं, म्हणून टी-पेशी काही करू शकत नाहीत" हे सगळ्याच मलेरियाला लागू आहे का?

नाही. व्हायवॅक्स फक्त कोवळ्या तांबड्या पेशींत, रेटिक्युलोसाइटमध्ये शिरतो. त्या नुकत्याच मज्जेतून आलेल्या असतात आणि त्यांच्यावर एमएचसी वर्ग-१ ची मांडणी शिल्लक असते. ब्राझीलमधल्या रुग्णांवरच्या २०१८ च्या अभ्यासात मारेकरी सीडी-८ टी-पेशी अशा बाधित पेशी ओळखून मारतात, असं दिसलं. पाठ्यपुस्तकातलं वाक्य फाल्सिपेरमसाठी ठीक आहे, व्हायवॅक्ससाठी दुरुस्त करून वाचा.

१७. औषध पूर्ण झालं, तरी पट्टीची टेस्ट पॉझिटिव्हच येतेय. जंतू गेला नाही का?

फाल्सिपेरमची पट्टी बहुतेकदा एचआरपी-२ हे जंतूचं प्रथिन शोधते. जंतू मेल्यावरही ते काही आठवडे रक्तात राहतं. बरं झालं का हे बघायला काचच करा. उलटही घडतं: ज्या जंतूत एचआरपी-२ चं जनुकच नाही, तो असूनही पट्टी निगेटिव्ह येते. लक्षणं बोलत असतील तर एका निगेटिव्ह पट्टीवर विसंबू नका.

१८. मलेरिया होऊन गेला. रक्तदान कधी करू शकतो?

सध्याच्या नियमांनुसार उपचार पूर्ण होऊन बरं झाल्यावर ३ महिने थांबायचं. शिबिरातल्या फॉर्मवर हे लपवू नका. ज्याला रक्त चढणार त्याला डासाशिवाय मलेरिया होऊ शकतो.

१९. अपघातात माझी पानथरी काढली आहे. नोकरीसाठी गडचिरोलीला जातोय. वेगळं काही?

हो, बरंच वेगळं. कडक झालेल्या बाधित तांबड्या पेशी पानथरीच्या अरुंद फटींतून जाताना अडकतात आणि तिथल्या मॅक्रोफेज त्या गिळतात. कधी कधी पेशी तशीच ठेवून आतला जंतू तेवढा उपटून काढतात. रक्तातला जंतू टिपणाऱ्या बी-पेशींचा मोठा साठाही तिथेच. हे गाळणं गेलं की जंतूंची संख्या भराभर चढू शकते, आणि औषधाने मेलेले जंतूही रक्तात जास्त दिवस रेंगाळतात. त्यामुळे काच वाचणाऱ्याला "पानथरी नाही" हे माहीत असणं फार गरजेचं. नाहीतर औषध लागू पडत नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

जाण्याआधी डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक गोळ्या आणि न्यूमोकॉकससारख्या जंतूंच्या लसी यांबद्दल विचारा. मच्छरदाणी सोबत न्या. तिथे ताप आला तर सकाळची वाट न बघता त्याच दिवशी रक्त द्या, आणि केसपेपरवर पानथरी काढल्याचं मोठ्या अक्षरांत लिहायला लावा.